इन्स्ट्रुमेंट हातात घेऊन कसं पारखायचं

सेलूकडे पंधरा खाटांचं हॉस्पिटल सुरू करणाऱ्या एका तरुण स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी विचारलं आहे: "डीलरने सिझेरियन आणि हिस्टरेक्टॉमीचे (गर्भाशय काढायच्या ऑपरेशनचे) तीन सेट दाखवले. तिन्ही सारखेच चकाकतात, किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक. महागड्या सेटला लोहचुंबक चिकटत नाही, अगदी कात्रीलासुद्धा, म्हणून तोच अस्सल, असं त्यांचं म्हणणं. माझे ग्लोव्ह सहा नंबरचे. रेसिडेन्सीत लांबलेल्या केसनंतर अंगठा बधिर व्हायचा, सीनियर म्हणायचे सवय होईल. इन्स्ट्रुमेंट चांगलं आहे का आणि माझ्या हाताला बसेल का, हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं?"

मी सत्तावीस वर्षं लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. माझेही ग्लोव्ह सहाचेच. म्हणून आधी अंगठ्याचं सांगते. त्याची सवय होत नाही आणि करूनही घेऊ नका. अंगठ्याच्या कडेने, कातडीच्या अगदी खालून नस जाते. इन्स्ट्रुमेंटच्या रिंगची, म्हणजे बोट घालायच्या कड्याची, कड तिच्यावर तासन् तास दाबली की बधिरपणा येतो. सुरुवातीला तो रात्रीतून जातो, पुढे आठवडाभर राहतो. लॅप्रोस्कोपी करणाऱ्यांमध्ये हा त्रास चांगलाच ओळखीचा आहे, पण उघड्या ऑपरेशनमध्येही तो होतो आणि लहान हातांना जास्त होतो. त्याचं कारण नीट समजून घ्या, कारण तुमची अर्धी खरेदी त्यावर ठरणार आहे.

रिंगमध्ये अंगठ्याचं फक्त पेर जायला हवं, सांध्याच्या अलीकडे. दुसऱ्या रिंगेत अनामिका, आणि तर्जनी दांड्यावरून पुढे जॉइंटपर्यंत टेकलेली. ही तर्जनीच इन्स्ट्रुमेंटला दिशा देते. आता आठ इंची नीडल होल्डर, म्हणजे सुई धरायचा चिमटा, लहान हातात घ्या. तर्जनी जॉइंटपर्यंत पोचत नाही. टोक डगमगायला लागतं, आणि ते आवरायला अंगठा आपोआप रिंगेत आत आत सरकतो, सांध्याच्या पलीकडे. मग नसेवर दाब आलाच. म्हणजे दुखणं अंगठ्यात असलं तरी चूक लांबीत आहे. सिझेरियनला सहा किंवा सात इंची पुरतं. आठ इंची एकच घ्या, खोल पेल्व्हिससाठी (ओटीपोटाच्या तळासाठी).

आता चुंबक. डीलर मुद्दाम फसवत असेल असं नाही, हा समज बाजारात सगळीकडेच आहे. पण तो उलटा आहे. कात्री, आर्टरी (रक्तवाहिनी धरायचा चिमटा), नीडल होल्डर यांना तापवून कडक करता येईल असं पोलाद लागतं, ४२० जातीचं, साधारण १२ ते १४ टक्के क्रोमियम आणि जरा जास्त कार्बन असलेलं. त्याला पाणी देता येतं, म्हणून ते धार धरतं आणि जबडा वाकत नाही. हे पोलाद चुंबकाला चिकटणारच. चिकटत नाही ते ३०४ जातीचं, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं. ते गंजाला सहसा दाद देत नाही, पण तापवून कडक होत नाही. बाउल, किडनी ट्रे, काही रिट्रॅक्टर यांना ते उत्तम. तेव्हा कात्रीला चुंबक चिकटत नसेल तर मी ती कात्री खाली ठेवेन.

चकाकीचंही तसंच. आरशासारखं पॉलिश डाग कमी धरतं हे खरं, पण ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) लाइटखाली ते डोळ्यांवर येतं. मंद, मॅट फिनिश दोन तासांच्या केसमध्ये डोळ्यांना बरं पडतं. चकाकीवरून पोलाद कळत नाही आणि जॉइंट तर मुळीच कळत नाही.

दुकानात जाताना पिशवीत तुमचे नेहमीचे ग्लोव्ह, रोज वापरता त्या धाग्याची सुई, गॉज, थोडा कापूस आणि बारीक धागा घेऊन जा. ग्लोव्ह घाला आणि ओले करा. कोरड्या, उघड्या हातात प्रत्येक इन्स्ट्रुमेंट चांगलंच वाटतं. डबल ग्लोव्ह घालून किती केस करता ते आठवा आणि दुसरी जोडीही घालून बघा.

सगळ्यात जास्त वेळ नीडल होल्डरला द्या. सुई जबड्याच्या टोकाजवळ धरा, मागच्या टोकापासून एक तृतीयांशावर, आणि लॉकच्या (रिंगांजवळच्या खाचांच्या पट्टीच्या) पहिल्या दातावर अडकवा. आता दुसऱ्या हाताने सुई फिरवायचा प्रयत्न करा. नवा, चांगला नीडल होल्डर पहिल्याच दातावर सुईला हलू देत नाही. वापरातला असेल तर दुसऱ्या दातापर्यंत सूट द्या. दुसऱ्यावरही सुई बोटाने फिरत असेल तर तो कामाचा नाही, कारण यूटेरसच्या जाड स्नायूत सुई अशीच गर्रकन फिरेल, आणि आपण ती परत परत धरत बसू. मग आणखी आवळून धरू, आणि संध्याकाळी तळहाताच्या अंगठ्याकडच्या उंचवट्यात गोळा येईल. जे काम जबड्याने करायचं ते हाताच्या स्नायूंनी केल्याचा तो गोळा असतो.

पुढची परीक्षा लॉक सोडण्याची. ती दुकानात कुणी करत नाही. डोळे मिटून, एका हाताने, वीस वेळा लॉक लावा आणि सोडा. एका केसमध्ये ही हालचाल किती वेळा होते ते तुम्हाला माहीत आहे. लॉक अंगठ्याच्या पेराच्या हलक्या ढकलीने सुटला पाहिजे. झटका द्यावा लागत असेल तर तो झटका सुईच्या टोकापर्यंत जातो. टिश्यूत असलेली सुई त्या क्षणी उडी मारते आणि बारीक भोक मोठं होतं. मी ब्लॅडर फ्लॅप (मूत्राशयावरचा पातळ पडदा) शिवताना हे पाहिलेलं आहे. वीस वेळांत एकदाही अडलं तर दुसरा नग मागा. एकाच डब्यातल्या दोन नगांमध्येही फरक असतो, म्हणून सॅम्पल बघून सेट घेऊ नका. जो घरी न्यायचा तोच नग तपासा.

सोनेरी रिंगांचा नीडल होल्डर म्हणजे जबड्यात टंगस्टन कार्बाइडची पट्टी बसवलेली, असा व्यापारातला संकेत आहे. पण नुसत्या रिंगा सोनेरी करणं फार सोपं आहे. जबडा उघडून भिंगातून बघा: पट्टी आणि पोलाद यांच्यामधली बारीक सांधरेषा दिसली पाहिजे, आणि पट्टीचा रंग पोलादापेक्षा किंचित काळपट. पट्टीवरची जाळीही सुईप्रमाणे निवडायची. आपल्या जाड सुयांना, म्हणजे ३-० आणि त्याहून जाड धाग्यांना (शून्याआधीचा आकडा मोठा तितका धागा बारीक), ०.५ मिलिमीटरची जाळी ठीक. ४-० ते ६-० साठी ०.४ ची. जाड जाळीत बारीक सुई धरली की ती चपटी होते किंवा मोडते.

आता आर्टरी आणि पेडिकल क्लॅम्प. पेडिकल म्हणजे गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा जुडगा. त्याआधी एक प्रसंग सांगते, कारण ही परीक्षा मी त्या रात्रीपासून एकदाही चुकवलेली नाही. प्रॅक्टिसची दुसरी-तिसरी वर्षं. एका हॉस्पिटलमध्ये हिस्टरेक्टॉमी करत होते. डाव्या बाजूच्या यूटेराइन पेडिकलला क्लॅम्प लावला, शेवटच्या दातापर्यंत दाबला, पेडिकल कापलं आणि सुई घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात 'टक्' असा अगदी बारीक आवाज आला. क्लॅम्प तिथेच होता, पण त्याच्या रिंगा एकमेकींपासून लांब गेल्या होत्या. पेल्व्हिस डोळ्यांदेखत भरलं. अशा वेळी सगळ्यात मोठी चूक म्हणजे रक्तात आंधळेपणाने दुसरा क्लॅम्प घालणं, कारण यूरेटर, म्हणजे मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणारी नळी, त्या रक्तवाहिनीच्या खालूनच जातं. मॉप दाबला, बोटाने दाब धरला, सक्शन झालं, मग दिसेल तसं पुन्हा धरलं आणि बांधलं. बाईंना दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. केस संपल्यावर मी तो क्लॅम्प धुतला, पहिल्या दातावर लावला आणि टेबलाच्या कडेवर हलकेच टोकला. उघडला. पुन्हा लावला, पुन्हा उघडला. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तो जरा सैलच आहे, बऱ्याच दिवसांपासून." ओटीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

तर परीक्षा हीच: पहिल्या दातावर लावा, लॉकचा भाग टेबलाच्या कडेवर किंवा तळहातावर टोका. उघडला तर नापास, त्यात चर्चा नाही. मग तो उजेडाकडे धरून हळूहळू बंद करा. आधी दोन्ही टोकं भेटली पाहिजेत, आणि एकेक दात पुढे गेलं तसा जबडा मागपर्यंत मिटत गेला पाहिजे. मधूनच उजेडाची फट दिसली, किंवा एक टोक दुसऱ्यावर चढलं, तर ते इन्स्ट्रुमेंट रक्तवाहिनी धरणार नाही, तिच्या बाजूचं मांस चिरडेल. टोकात एकच बारीक धागा धरून ओढा. निसटता कामा नये. शेवटी दोन्ही रिंगा दोन हातांत धरून वर-खाली हलवा. बॉक्स लॉकमध्ये, म्हणजे एक दांडा दुसऱ्यातून आरपार जातो त्या जॉइंटमध्ये, खेळ असेल तर आज जुळलेली टोकं सहा महिन्यांनी जुळणार नाहीत. त्याच जॉइंटवर भिंग धरून केसाएवढी चीर आहे का बघा. इन्स्ट्रुमेंट तडकतं ते बहुतेक तिथेच.

सुश्रुतांनी यंत्रांचे बारा दोष मोजले आहेत. त्यातले काही शब्द मला आजच्या इंग्रजी कॅटलॉगपेक्षा नेमके वाटतात. अग्राही म्हणजे न धरणारं, विषमग्राही म्हणजे एका बाजूने धरणारं आणि दुसऱ्या बाजूने सोडणारं, शिथिल, मृदुकील म्हणजे ज्याची खीळ कच्ची आहे असं, मृदुमुख म्हणजे ज्याचं तोंड दाबलं की वाकतं असं. आपण नुकतंच उजेडाकडे धरून जे पाहिलं तो विषमग्राही दोष, रिंगा हलवून पाहिला तो मृदुकील. याच यादीत अतिदीर्घ आणि अतिह्रस्वही आहेत. हाताला न बसणारी लांबी हा त्यांनी दोषच मानला, सोयीचा प्रश्न नाही. आणि एकशे एक यंत्रं मोजून त्यांनी प्रधान यंत्र म्हटलं ते हातालाच.

कात्रीला गॉजच्या चार पदरांवर बघा, आणि फक्त टोकाने कापा. मागच्या भागाने कोणतीही कात्री कापते. पदर स्वच्छ तुटले पाहिजेत, दोरे ओढले जाता कामा नयेत. लहान, नाजूक कात्रीला दोन पदर पुरेत. मग गॉज ओला करून पुन्हा. मिटलेली कात्री उजेडाकडे धरली तर पात्यांमध्ये बारीक फट दिसते, त्याला घाबरू नका. पाती किंचित कमानदारच असतात आणि कापताना एका वेळी एकाच बिंदूवर भेटतात. उघडझाक करताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच, मऊसा अडथळा जाणवला पाहिजे. मध्येच खर्रकन झालं तर धारेवर कुठेतरी दात पडलेला आहे.

टूथ फोर्सेप्सचे दात एकमेकांत अलगद बसतात का बघा, आणि नंतर नेहमीपेक्षा जोरात दाबून बघा. जोर दिल्यावर टोकं पुढून फाकत असतील तर पोलाद पातळ आहे. उलट स्प्रिंग फार कडक असेल तर डावा हात अर्ध्या तासात थकतो. पाच मिनिटं गप्पा मारता मारता ते दाबून धरा. डीलरला कंटाळा आला तर येऊ द्या.

फिनिश बघायला कापूस. रिंगांच्या आतून, दांड्यांच्या कडांवरून, जॉइंटवरून कापूस फिरवा. तंतू अडकले की तिथे कड राहिलेली आहे. ती ग्लोव्ह फाडेल आणि तुमच्या अंगठ्यालाही लागेल. रिंगची आतली कड गोल हवी. लहान हाताला रिंग मोठी झाली तरीही बोट आत सरकतं. म्हणून लांबी तीच ठेवून लहान रिंगांचा नग मिळतो का, विचारा. मिळतात, पण मागितल्याशिवाय कुणी काढत नाही. वजन जॉइंटखाली एका बोटावर तोलून बघा. मागे झुकणारं इन्स्ट्रुमेंट मनगट वाकवतं. हलकं म्हणजे चांगलं असं मात्र समजू नका. फार हलका क्लॅम्प पेडिकलवर दांड्यातून वाकतो.

डावखुऱ्या सहकाऱ्यांसाठी एवढंच: नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबाने एकमेकींवर घासतात, डाव्या हातात तोच दाब त्यांना दूर सारतो. लॉक सोडण्याची दिशाही उलटी होते. डाव्या हाताची कात्री आणि नीडल होल्डर वेगळे मिळतात. तेवढे दोन तरी घ्या.

पैसे कुठे घालायचे? दोन नीडल होल्डर, एक मेयो कात्री, एक मेट्झनबॉम कात्री आणि सहा पेडिकल क्लॅम्प, यांत कसर करू नका. ग्रीन आर्मिटेज आणि ॲलिस हे पकडायचे चिमटे आणि आर्टरी मध्यम दर्जाच्या, पण प्रत्येक नग तपासून. टॉवेल क्लिप, स्पंज होल्डर, डॉयन रिट्रॅक्टर साधे चालतात, रिट्रॅक्टरच्या कडा तेवढ्या गोल असू द्या. पूर्ण सेट एकाच पेटीत घेण्याचा मोह टाळा, पेटीत चांगल्याच्या आडून वाईट खपतं. जर्मनीतल्या टुटलिंगनचं आणि पाकिस्तानातल्या सियालकोटचं नाव या धंद्यात मोठं आहे, आपल्याकडेही चांगला माल होतो. पण दांड्यावर कोरलेल्या गावावर विसंबू नका, कोरणाऱ्याला कोणतंही गाव कोरता येतं. बिलावर मात्र उत्पादकाचं नाव आणि लॉट नंबर घ्याच. ही साधनं मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ खाली येतात आणि पावतीशिवाय बदलून मागता येत नाही.

आता आपल्या भागाचं खास: पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा आमच्या गावीही आज या टँकरचं तर उद्या त्या बोअरचं अशी गत होती. त्या उन्हाळ्यात चांगल्या चांगल्या इन्स्ट्रुमेंटवर आधी पांढरे ठिपके आले, मग तपकिरी. डीलरने खोटं पोलाद दिलं असं मला वाटलं होतं. मग एका डागावर पेन्सिलचं खोडरबर घासलं. डाग निघाला, खाली धातू गुळगुळीत होता. म्हणजे तो पाण्यातल्या क्षारांचा डाग होता, पोलादाचा दोष नव्हता. दुसऱ्या एका नगावर घासल्यावर खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले. तो गंज. खड्ड्यात रक्त बसतं आणि ते धुण्याने निघत नाही, म्हणून ते इन्स्ट्रुमेंट बाद केलं. त्या दिवसापासून शेवटचं खळबळणं आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यानेच करतो. बोअरच्या पाण्याने धुवा हवं तर, पण शेवटचं पाणी ते नको.

नव्या इन्स्ट्रुमेंटचा सगळ्यात मोठा शत्रू क्लोराइड. सलाइनमध्ये भिजत ठेवणं आणि हायपोमध्ये (ब्लीचच्या पाण्यात) रात्रभर टाकून देणं, या दोन सवयी ओटीतून घालवा. रक्त वाळू देऊ नका. आमच्या मावशी केस संपली की लगेच, लॉक उघडून, जॉइंटमध्ये मऊ ब्रश घालून धुतात. ऑटोक्लेव्हलाही लॉक उघडेच ठेवा. १२१ अंशांना धातू फुगतो, आणि बंद लॉकमध्ये जॉइंटवर ताण येऊन चीर जाते. जॉइंट अडला तर पाण्यात विरघळणारं वंगण, म्हणजे इन्स्ट्रुमेंट मिल्क, वापरा, शिलाई मशीनचं तेल नको. तेलाच्या थराखाली वाफ पोचत नाही.

धार गेली की कात्री बाजारातल्या शिकलगाराकडे पाठवू नका. तो त्याच्या कामात वाकबगार असतो, विळ्याला आणि अडकित्त्याला त्याच्याइतकी धार कुणी लावत नाही. पण कोरड्या चाकावर पातं तापतं, कडेला निळसर झाक येते आणि पोलादाचं पाणी उतरतं. दोन आठवड्यांत कात्री पुन्हा बोथट, आणि या वेळी कायमची. डीलरला विकत घेतानाच विचारा, धार लावून कोण देतं, किती दिवसांत, आणि कार्बाइडची पट्टी बदलून मिळते का. ज्याच्याकडे याचं उत्तर नाही त्याच्याकडून मी नीडल होल्डर घेत नाही.

शक्य असेल तर पंधरा दिवसांच्या बोलीवर माल आणा. पहिल्या वापराआधी धुऊन, वाळवून घ्या, मग आठ-दहा वेळा ऑटोक्लेव्हमधून काढा आणि सुई, गॉज, टोकणं, कापूस या चारही परीक्षा पुन्हा घ्या. दुकानात पास झालेले काही नग इथे नापास होतात.

आणि ओटीत एक लाल वाटी ठेवा. आमच्याकडे ती ड्रमच्या शेजारी असते. कुणालाही, सिस्टरला, मामांना, मावशींना, एखादं इन्स्ट्रुमेंट खटकलं की ते न विचारता त्या वाटीत टाकायचं. ते मी तपासल्याशिवाय ट्रेमध्ये परत जात नाही. गेल्या महिन्यात मावशींनी त्यात एक मॉस्किटो आर्टरी ठेवली होती. मी टोकून पाहिली, तर टिकली. मावशी म्हणाल्या, "अजून एकदा बघा." दुसऱ्यांदा टोकली, तर उघडली.